पायलीचोर

जिल्हा फुटला तेव्हा नवेगावचं जंगल, नागझिऱ्याचे वाघ आणि विमानतळ गोंदियाच्या वाट्याला गेले. भंडाऱ्याकडे काय राहिलं असं कोणी विचारलं, की आमचे पुढारी छाती फुगवून सांगत, इतिहास. इतिहासाला चारापाणी लागत नाही आणि तो नाली तुंबल्याची तक्रारही करत नाही, त्यामुळे पुढची वीस वर्षं तो सुखाने पडून राहिला. मग पुण्याची नोकरी सोडून जीवन परत आला आणि त्याने इतिहासाचा बँड काढला.

जीवन कारध्याचा. शिकला इंजिनिअरिंग, वाढवला अंबाडा. बँडचं नाव त्याने ठेवलं 'वेठ'. वेठीला धरलं होतं आम्हा दोघींना. गळा रुचिताचा. ती दिघोरीची, भंडाऱ्याला बँकेत नोकरीला. ढोलकी माझी. मी रत्नमाला, कारध्याच्या शाळेत मास्तरीण. ढोलकी मी वडिलांकडून शिकले. बाई ढोलकी वाजवते म्हटल्यावर लोक आधी हसतात, मग ऐकतात आणि घरी जाऊन पुन्हा हसतात. त्याचं मला आता काही वाटत नाही.

बँडचा नियम एकच होता. इंग्रजांच्या काळातला अंधार, त्याच्या अलीकडचं-पलीकडचं काही नाही. वाद्यंसुद्धा त्याच काळातली हवीत असा जीवनचा हट्ट. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा होता, तो घंटेसारखा वाजायचा. कैद्यांच्या बेड्या म्हणून त्याने भंगारातून ज्या आणल्या, त्या म्हशीच्या साखळ्या निघाल्या. पण आवाज दुःखी होता म्हणून ठेवल्या. आमच्या गाण्यात गोरा साहेब रोज नव्याने मरायचा आणि पब्लिक टाळ्या वाजवायची. मेलेल्या साहेबाला शिव्या देण्यासारखं सुरक्षित काम नाही. त्याचा कोणी नातेवाईक गावात राहत नाही.

माझं गाव सोनटोली, अड्याळपासून जवळच. जीवनला कुठून तरी कळलं की सोनटोलीच्या तलावाचं एक जुनं गाणं आहे. कुठून तरी म्हणजे परसराम शाहिरांकडून. आमच्या गावातली खडी गंमत, म्हणजे उभ्याने होणारा तमाशा, त्यांनीच जन्मभर चालवली. त्यांनी गाणं म्हणून दाखवलं आणि जीवनच्या अंगावर काटा आला. काटा माझ्याही अंगावर आला, पण माझा जुना होता.

गाणं मोठ्या दुष्काळातलं, एकोणीसशेच्या आगेमागचं. लोक अंबाडीचा पाला उकडून खात होते. सरकारने तलाव खोदायचं काम काढलं, खोदणाऱ्याला मजुरीत तांदूळ. तांदूळ वाटायचं काम गावच्या मालगुजाराकडे, म्हणजे जमीनदार भैय्याजींकडे. प्रत्यक्ष माप घालायला त्यांनी कोतवाल, म्हणजे गावचा चाकर, लावला. कोतवालाचं नाव लडकू. दिवसाला एक पायली असं ठरलेलं, पण लोक तिथेच बांधावर मरू लागले. साहेब चौकशीला आला. त्याने मजुराचा तांदूळ तोलला आणि तो कमी भरला. साहेबाने भैय्याजींकडे पाहिलं, भैय्याजींनी लडकूकडे पाहिलं. लडकूने पाहावं असं खाली कोणी नव्हतं. तो तुरुंगात गेला आणि तिथेच संपला. भैय्याजींना दुष्काळातल्या सेवेबद्दल सरकारचं मानपत्र मिळालं.

गाण्यात खोदकाम आहे, पाला आहे, पण भैय्याजी नाहीत. चोरीच्या दोनच ओळी आहेत, ज्यांच्यावर गाव पोट धरून हसतं.

सायबानं धाडला तांदूळ, गाडी भरून गा,
लडक्याच्या धोतरात गेला, पायली मारून गा!

दुसऱ्या ओळीला गमतीतला नाच्या धोतराचा ओचा करतो, त्यात मूठमूठ तांदूळ टाकतो आणि वाकडा वाकडा चालत जातो. दर मंडईला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. भर दिवसा जत्रा, गंमत, दंडार, जिलेबी आणि पाहुण्यांची झुंबड. लडकू माझ्या वडिलांचा पणजा. तेव्हापासून गावात आमच्या घराला पायलीचोर म्हणतात. छप्पन साली आमच्या घराने धर्म बदलला. देव सोडले, उपास सोडले, मेलेलं ढोर ओढणं सोडलं. जे जे सोडायचं होतं ते आम्ही सोडलं, फक्त गावाने आम्हाला सोडलं नाही. माझ्या लग्नाच्या बोलणीत पाहुण्यांना गावातल्याच कोणीतरी हळूच सांगितलं होतं, पोरगी शिकलेली आहे, पण पायलीचोराची आहे.

आणि त्या गमतीत ढोलकी कोण वाजवायचं? माझे वडील, यादोराव. ज्या ओळीवर गाव हसायचं, त्या ओळीचा ठेका माझ्या बापाच्या हातात असायचा. त्यांनी तो कधी चुकवला नाही. मला याचा फार राग होता. लहानपणी मी विचारायची, तुम्ही वाजवता कायले? ते म्हणायचे, "मी नाही वाजवलं तं दुसरा वाजवन. थो बेताल वाजवन."

तर जीवनला ती ओळ हवी होती. मी म्हटलं, ती सोडून बाकीचं घे. त्याने मला लोककलेचं पावित्र्य समजावून सांगितलं. मूळ संहितेला हात लावायचा नसतो म्हणे. रुचिता म्हणाली, ताईच्या वडिलांचा पणजा आहे तो. जीवन म्हणाला, म्हणून तर ते जास्त खरं वाटेल. मी उठून जाणार होते. गेले नाही, कारण मी गेले असते तर त्याने मशीनवरची ढोलकी लावली असती आणि ती बेताल नसती, पण मेलेली असती. बापाचं म्हणणं मला असं उशिरा आणि चुकीच्या ठिकाणी पटलं.

मग जीवनला त्या काळातलं वाद्य हवं झालं. आम्ही केशवरावांकडे गेलो. केशवराव भैय्याजींचे पणतू, मंडई समितीचे अध्यक्ष, माणूस गोड. आम्हाला स्वतः खुर्च्या दिल्या, कपबशीतून चहा दिला आणि आता आपल्याकडे जातपात असलं काही राहिलेलं नाही, असं दोनदा सांगितलं. जिथे खरंच काही राहिलेलं नसतं तिथे ते सांगावं लागत नाही, पण चहा चांगला होता. भिंतीवर सरकारचं मानपत्र चौकटीत होतं. देवघरात पितळी पायली होती, तांदळाने भरलेली, हळदीकुंकवाने माखलेली. ह्याच पायलीने आमच्या पणजोबांनी गाव जगवलं, असं सांगताना केशवरावांचा आवाज भरून आला. जीवनचे डोळे पायलीवर खिळले. ही वाजवता येईल का, असं त्याने विचारलं.

केशवरावांनी थोडा विचार केला. मंडईच्या दिवशी स्टेजवर नारळ-दुपट्ट्यासोबत ही पायली आपण बँडला भेट देऊ, तोवर सरावासाठी घेऊन जा, असं ते म्हणाले. बदल्यात एवढंच, की नाव नीट घ्यायचं. आमच्याकडे रीत आहे, कलावंताला कोणी काही दिलं की गाणं थांबवून देणाऱ्याचं नाव सुरात उचलायचं, गावासकट, बापआज्यासकट. आणि एकदा नाव उचललं की वस्तू फिरत नाही. मागे एक पाहुणा रंगात येऊन मनगटावरचं घड्याळ देऊन बसला. दुसऱ्या दिवशी बायकोसोबत परत मागायला आला. परसराम शाहिरांनी त्याला चहा दिला, वेळ सांगितली आणि रवाना केलं. केशवरावांना नाव भैय्याजींपर्यंत हवं होतं. आम्ही हो म्हटलं.

केशवरावांनी आतले तांदूळ परातीत ओतून पायली दिली. ती जड होती. जुन्या वस्तू जडच असतात, जीवन म्हणाला, तो इंजिनिअर आहे. आम्ही ती स्टँडवर उपडी बांधली. काठाला काडी मारली की छान टणत्कार यायचा. बुडावर मारलं की आवाज बद्द, जणू उशीवर थापटलं. पण हलवली की आतून बारीक खुळखुळ यायची. खुळ, खुळ, खुळ. जीवन तर नाचायलाच लागला. दुष्काळाचा आवाज आहे हा, तो म्हणाला. त्याने ती खुळखुळ रेकॉर्ड केली, तिच्यावर गिटार चढवली, तिला 'भुकेचा नाद' असं नाव दिलं आणि लोकांना ऐकवून रडवलं. आम्ही तिघं शिकलेले लोक कितीतरी दिवस ती पायली हलवून हलवून नाद काढत बसलो. मीसुद्धा. मला तर ती खुळखुळ ठेक्यात फार गोड बसते असं वाटायचं.

एका रविवारी सराव आमच्या सोनटोलीच्या अंगणात होता. माझे वडील, बाबूजी, खाटेवर बसून ऐकत होते. गाणं झालं. जीवनने पायली खाली ठेवताना ती पुन्हा खुळखुळली. बाबूजींनी मान वर केली.

"काहून व रत्ना," ते म्हणाले, "पायली तं रिकामी हाय ना?"

मी म्हटलं, रिकामीच आहे.

"मंग वाजून काय राहिलं?"

 बाबूजी उठले, त्यांनी पायली घेतली, एक हात आत घातला, दुसरा बाहेरून लावला. आतला हात बराच वर थांबला होता. मी आतली हळदीकुंकवाची खपली नखाने खरवडली, तर खाली डाख, म्हणजे झाळ, निघालेली एक चीर दिसली. आत वरून बसवलेला पत्रा, दुसरं बूड. दोन बुडांच्या मधल्या पोकळीत चिरेतून गेलेले दाणे अडकले होते, वरून इतक्या वर्षांच्या पूजेने चीर लिंपून टाकलेली. देवघरात ती कायम तांदळाने भरलेली असायची, आत हात घालायचं कोणाला कारण नव्हतं. आणि आमच्या मोहल्ल्यातल्या हाताला तर देवघराची पायरीच नव्हती.

बाबूजी पुन्हा खाटेवर बसले. ते रडले नाहीत. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिले. याच हातांनी ती ओळ वाजवली होती. मला त्या दिवशी कोणाला तरी मारावंसं वाटत होतं आणि मारण्यासारखा एकही माणूस जिवंत नव्हता.

जिवंत होता तो जीवन. त्याला मी सांगितलं की मंडईत हे दाखवायचं. तो म्हणाला, आपला फोकस ब्रिटिश आहेत, ताई. हे थीममध्ये बसत नाही. शिवाय केशवराव समितीचे अध्यक्ष, पुढच्या सगळ्या गावांतल्या मंडया त्यांच्या शब्दावर मिळणार. पुण्याची मराठी त्याला फार वेळ पेलली नाही, शेवटी म्हणाला, "कायले लफडं करून राहिली, ताई? मेला ना थो माणूस."

त्यावर रुचिताने त्याला शांतपणे विचारलं, तुझा साहेब अजून जिवंत आहे का? बँडमध्ये गळा एकच होता आणि ढोलकीही एकच. जीवनने दोन्हीकडे पाहिलं आणि थीम वाढवली.

मंडईचा दिवस. दुपारी ऊन चढलं होतं, आकाशपाळणा करकरत होता, सोनटोलीच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर सतरंजी. समोर पहिल्या रांगेत पाहुणे, मागे गाव. बाबूजी अड्याळच्या बाजारातल्या धान्यवाल्याकडून सरकारी छापाची पायली मागून घेऊन आले होते, धानाने भरून, गमछ्याखाली झाकून. ते बायकांच्या बाजूला शकुनबाईंजवळ बसले. शकुनबाई गावातली सगळ्यात म्हातारी, तिला कोणी हटकत नाही.

केशवराव स्टेजवर आले. नारळ दिला, दुपट्टा घातला, पायली दोन्ही हातांनी उंच धरून लोकांना दाखवली आणि ह्याच पायलीने माझ्या पणजोबांनी तुमच्या पणजोबांना जगवलं, असं माईकवर सांगितलं. टाळ्या पडल्या.  पायली माझ्या हातात आली आणि रुचिताने नाव उचललं.

सोनटोलीचे केशवराव जी,
नारायणरावांचे पुत्र जी,
भैय्याजींचे पणतू जी,
पायली दिली मंडईले, जी जी जी!

केशवरावांनी डोळे मिटून ऐकलं. नाव भैय्याजींपर्यंत पोचलं होतं. मग गाणं सुरू झालं. खोदकाम, पाला, बांधावरची माणसं. साहेब मेला, टाळ्या आल्या. रुचिताने ओळ घेतली, सायबानं धाडला तांदूळ, गाडी भरून गा. लोक पुढच्या ओळीसाठी आधीच हसायला लागले होते. मागे कोणी तरी धोतर सावरण्याची नक्कल करत होतं. आणि रुचिता थांबली. मी ढोलकीवरून हात उचलला. त्या ओळीवर सोनटोलीची ढोलकी पहिल्यांदाच गप्प राहिली.

बाबूजी स्टेजवर आले. त्यांनी छापाची पायली मला दिली. मी तिच्यातलं धान भैय्याजींच्या पायलीत ओतू लागले. ती भरली. मी ओतत राहिले. शीग चढली, शीग ढासळली, धान सतरंजीवर सांडायला लागलं, तरी माझ्या हातातल्या पायलीत धान उरलंच होतं.  धान मोजणाऱ्यांच्या गावात पायली समजावून सांगावी लागत नाही. मग मी भैय्याजींची पायली रिकामी केली, माईकजवळ उपडी धरली आणि हलवली. खुळ, खुळ, खुळ. कर्ण्यातून तो आवाज पार तलावापर्यंत गेला असेल.

हसणं कुठे थांबलं ते कळलं नाही. शकुनबाई उठून उभी राहिली.

"अवो माय," ती म्हणाली, "दोन बुडाची हाय ही."

त्यानंतर जी शांतता पसरली, ती ऐकायला लडकू असायला हवा होता. पण आमच्या लोकांना शांतता फार वेळ झेपत नाही. केशवराव हुशार माणूस. त्यांनी माईक घेतला आणि घसा खाकरून सांगितलं की ही इंग्रजांचीच चाल होती. पायली सरकारकडूनच आली होती, बिचाऱ्या भैय्याजींना आणि बिचाऱ्या लडकूला, दोघांनाही इंग्रजांनी फसवलं. लोकांना केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू. दिवसभरातली सगळ्यात मोठी टाळी तेव्हा पडली. साहेब त्या दिवशी दुसऱ्यांदा मेला, आणि यावेळी जास्त उपयोगाचा मेला. जीवननेही टाळी वाजवली, मग माझं तोंड पाहून थांबला.

केशवराव माईक ठेवून माझ्याकडे वळले. गोड आवाजात म्हणाले, ही ऐतिहासिक वस्तू आहे, बेटा, घरी सुरक्षित राहील, आण इकडे. त्यांनी हात पुढे केला. मी पायली छातीशी धरली. मला वाटलं, आता द्यावी लागणार.

बाबूजी मध्ये उभे राहिले. त्यांनी आवाज चढवला नाही, पण माईक चालूच होता.

"नाव घेतलं जी," ते म्हणाले. "भैय्याजीपर्यंत घेतलं."

गर्दीतून कोणी तरी म्हणालं, बराबर हाय, नाव घेतलं. दुसऱ्याने तेच म्हटलं. पहिल्या रांगेतले पाहुणेही माना डोलवू लागले. इतिहास वाटेल तसा फिरवायला गाव तयार होतं, रीत फिरवायला तयार नव्हतं. केशवरावांचा हात थोडा वेळ तसाच राहिला, मग त्यांनी तो नमस्कारासाठी दुसऱ्या हाताला जोडला आणि ते खाली उतरले.

आता तुम्हाला वाटत असेल की आमच्यावरचा डाग गेला. तुम्ही सोनटोलीचे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि बाबूजी ओसरीवर बसलो होतो. पायली खांबाजवळ ठेवली होती, धुऊन पुसून, हळदीकुंकू काढून. रस्त्याने पुंडलिकराव जात होते, केशवरावांचे चुलते. त्यांनी पायलीकडे पाहिलं, सोबतच्या माणसाकडे पाहिलं आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले की शेवटी पायलीचोरांनी पायली नेलीच.

म्हणजे शंभर वर्षं ज्या चोरीचं नाव आम्ही वाहिलं, तिची वस्तू आता कुठे घरात आली होती. माझं डोकं तडकलं. मी उठणार होते. बाबूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बसवलं. हा शब्द कानावर पडला की माझा बाप मान खाली घालायचा, रस्त्यात असला तर रस्ता बदलायचा. त्या दिवशी तो ओसरीच्या काठापर्यंत आला. पायली उचलली, एकदा हलवली आणि हाक मारली.

"पुंडलिकराव, आणा तुमचं धान. मोजून देतो. हिच्यानंच देतो."

पुंडलिकरावांची पावलं थांबली नाहीत, पण जोरात पडू लागली. बाबूजी तिथेच उभे राहून खुळखुळ वाजवत राहिले, पुंडलिकराव वळणावर दिसेनासे होईपर्यंत. बाबूजींच्या हातांकडे पाहिल्यावर मला कळलं की ते ठेका धरत होते, तोच जुना, त्याच ओळीचा. आणि हसत होते.